साहेब गप्प झाला तो शनिवार

सर,

त्या शनिवारी तुमचा वर्ग काढून घ्यायचं आधीच ठरलं होतं. काल ठाण्याला एका लग्नात शिक्षण खात्यातल्या त्या मॅडम भेटल्या, त्यांनीच मला हे सांगितलं. वर्तमानपत्रात आयुष्य गेल्यामुळे कुठलीही गोष्ट दोनदा विचारल्याशिवाय मला चैन पडत नाही. म्हणून मी जेवणाच्या रांगेतून बाहेर आले, त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसले आणि पुन्हा विचारलं. "हो गं," त्या म्हणाल्या, "डोंबिवलीला मी नुसती सही करायला आले होते. वर्ग बघायचा तो आपला रीत म्हणून." आता त्यांना नीट चालवत नाही. नातीनं आणून दिलेली बासुंदीची वाटी त्यांनी दोन्ही हातांनी मांडीवर धरून ठेवली होती. बोलणं मात्र तेव्हासारखंच, पुढे कुणी काही विचारू नये असं. इतकी वर्षं मी समजत होते की त्या दिवशी आपण परीक्षेला बसलो होतो. निकाल आधीच लागलेला होता, आणि आपण दोघं टेबलाखाली वाकून वायरी चाचपत होतो.

तुम्हाला हे सगळं माहीत आहे, तरी मला ते एकदा क्रमानं लिहून काढायचंय. काचबिंदूनं तुमची नजर गेली तेव्हा मला शाळा सोडून बरीच वर्षं झाली होती आणि मी ठाण्याच्या एका दैनिकात उपसंपादक होते. नव्वदचं दशक संपत आलं होतं. गणिताबरोबर तुम्ही शाळेत संगणकही शिकवायला लागला होतात. नजर गेल्यावरही काही दिवस तुम्ही फळ्यावर अंदाजानं लिहीत, मुलांकडून तोंडी उत्तरं काढून घेत वर्ग चालवलात. मग पालकांच्या तक्रारी सुरू झाल्या. सर मुलांचं काम तपासतच नाहीत, घरी त्यांची बायको वाचून दाखवते आणि तीच गुण देते, अशी तक्रार कुणीतरी थेट ठाण्याच्या शिक्षण खात्याकडे केली. खात्यानं मधला मार्ग सुचवला. नोकरी राहणार होती, पगार राहणार होता, फक्त वर्ग जाणार होता. निवृत्तीपर्यंत तुम्ही ग्रंथालयात बसायचं. पक्का निर्णय मात्र खात्याचं माणूस येऊन वर्ग बघेल तेव्हाच, असं कळवलं होतं. मुख्याध्यापकांनी हे सांगितल्यावर तुम्ही म्हणालात म्हणे, "म्हणजे मला पुस्तकांबरोबर कपाटात ठेवणार." हे मला काकूंनी ऑफिसात फोन करून सांगितलं, आणि मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुमचा तो बोलणारा कॉम्प्युटर त्या लोकांना दाखवता येईल का गं? वर्ग गेला तर हा माणूस घरात मावायचा नाही."

तो बोलणारा कॉम्प्युटर म्हणजे तुमच्या घरच्या टेबलावरचा. ऑफिसात एका मासिकाबरोबर लिनक्सची, विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकटच्या प्रणालीची, सीडी आली होती, ती कुणालाच नको होती, म्हणून मी ती तुमच्याकडे घेऊन आले. कितीतरी रविवार घालवून आपण ती चढवली. मी पडद्यावरचं वाचायचं, तुम्ही पुढचं सांगायचं. मग त्यात लिहिलेलं मोठ्यानं वाचणारा एक प्रोग्रॅम सापडला, आणि ज्या दिवशी त्यानं पहिलं वाक्य म्हटलं त्या दिवशी तुम्ही उठून गॅलरीत गेलात. त्याला फक्त इंग्रजी येत होतं, तेही गोऱ्या साहेबासारखं, नाकात. म्हणून त्याचं नाव साहेब. तुम्ही इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून त्याच्याकडून वाचून घ्यायचात. एकदा त्यानं काकूंचं वाणसामान वाचलं तेव्हा त्या स्वयंपाकघरातून ओरडल्या, "अहो, त्या साहेबाला सांगा, माझ्या तूरडाळीची एवढी विटंबना नको!" आणि तुम्ही त्याला एक वाक्य शिकवून ठेवलं होतंत. सकाळी तुम्ही आपल्या नावानं आत शिरलात की तो आधी म्हणायचा, "आलास का म्हाताऱ्या? चहा झाला का?" त्याच्या तोंडी ते "आलॅस का म्हॅटॅऱ्या" असं व्हायचं. काकूंना ते अजिबात आवडत नसे. "घरात बोलणारे कमी आहेत म्हणून हा आणला की काय," म्हणायच्या.

शुक्रवारी मी रजा टाकून तुमच्याकडे आले. दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम यायच्या होत्या. शाळेतले कॉम्प्युटर मुके होते, तेव्हा घरचाच शाळेत न्यायचा असं ठरलेलं. मुख्याध्यापकांचा निरोप होता की जे दाखवाल ते स्वच्छ, नीटनेटकं असू द्या, घरगुती काही नको. काकूंनी तर त्या म्हाताऱ्याच्या वाक्याचा धसकाच घेतला होता. "ठाण्याची माणसं येणार, आणि हा मेला त्यांच्यासमोर यांना म्हातारा म्हणणार! काहीतरी करून नवं कोरं उघड. पाहुण्यांना आपण टवका गेलेल्या कपातून चहा देतो का?" तुम्ही हसलात, पण नाही म्हणाला नाहीत. मी तुमच्या नावाशेजारी एक नवं लॉगिन उघडलं आणि त्याला नाव दिलं 'पाहुणे'. आत मुलांचे नमुन्याचे प्रोग्रॅम ठेवले, बोलणारा प्रोग्रॅमही लावून दिला, सुरुवातीला एक सभ्य इंग्रजी नमस्कार लिहिला. तो ऐकून बघायचा एवढंच राहिलं होतं, तेवढ्यात दर शुक्रवारी जायची तशी वीज गेली. संध्याकाळपर्यंत ती काही आली नाही आणि मला घरी जायचं होतं. तुमच्या लॉगिनमध्ये साहेब सकाळीच बोलला होता, त्यामुळे आपल्याला काळजी वाटायचं कारण नव्हतं.

शनिवारी पुढच्या रिक्षात काकू मांडीवर मॉनिटर घेऊन, मागच्या रिक्षात तुम्ही आणि मी, मधे कॉम्प्युटरचा डबा. ठाकुर्लीच्या रेल्वे फाटकाशी आपली रिक्षा अशी काही आदळली की तुम्ही दोन्ही हात डब्यावर टाकलेत आणि रिक्षावाल्याला म्हणालात, "अरे बाबा, आत माणूस आहे." तो घाबरून मागे वळून बघतो, आणि मी त्याला सांगते, काही नाही, चल तू. संगणकाच्या खोलीत मुलं बसलेली आहेत, नेहमीपेक्षा जास्त तेल लावलेली. मी सगळं जोडते, चालू करते. कालची वीज अचानक गेल्यामुळे तो आधी आपली डिस्क तपासत बसतो, त्यात बराच वेळ जातो. मुख्याध्यापक दारातून डोकावून सांगतात की मॅडम आल्या, त्यांना चहा दिलाय. मी 'पाहुणे' लिहून आत जाते. पडद्यावर सगळं जसं हवं तसं. आणि स्पीकरमधून काही नाही.

"बोलला का?" तुम्ही विचारलंत, जणू तुम्हाला ऐकू आलं नसेल.

"नाही."

"स्पीकरचा दिवा?"

"लागलाय."

"त्याची पिन काढ आणि टोकाला बोट लाव." मी बोट लावलं तशी स्पीकरनं घूं केली. "म्हणजे स्पीकर जिवंत आहेत. आता मागची भोकं. तीन आहेत ना सारखी? सरक, मी बघतो." तुम्ही टेबलाखाली वाकलात, बोटांनी भोकं मोजलीत, पिन एकेकात घालून बघितलीत. काही नाही. मी आवाजाच्या सगळ्या पट्ट्या वर सरकवल्या. काही नाही. मग मी घाबरले. एका हातानं वायर हलवत दुसऱ्या हातानं काहीतरी टाइप करायला लागले, शिपायाला स्क्रू ड्रायव्हर आणायला ओरडले, आणि तुम्ही मला अख्ख्या वर्गासमोर झापलंत. "अगं, काय चाललंय? एका वेळी तीन गोष्टी बदलल्यास तर कशामुळे झालं ते कळणार कसं? आठवीत हेच करायचीस. एक गोष्ट बदल, बघ, परत जागेवर आण, मग दुसरी. आणि आधी स्वतःला विचार, काल बोलत होता तो आज बोलत नाही, तर मधे बदललं काय?"

पोरं गालातल्या गालात हसली. मला तितक्या घाईतही बरं वाटलं, कारण तुमचा आवाज घाबरलेला नव्हता.

मधे बदललं काय, याचं उत्तर आपल्या दोघांच्याही तोंडी एकदमच आलं: फाटक. तो दणका. साउंड कार्ड आपल्या खाचेतून सुटलं असणार. शिपाई स्क्रू ड्रायव्हर घेऊन आला आणि वर म्हणाला, "मॅडम, आमचा रेडिओ बंद पडला की आम्ही वरून एक चापट देतो." तुम्ही म्हणालात, "तो उपाय शेवटी ठेवू." मी डबा उघडला, कार्ड बाहेर काढलं, पुसलं, परत दाबून बसवलं. पुन्हा चालू. पुन्हा त्या ओळींची रांग, मी एकेक ओळ तुम्हाला वाचून दाखवत होते. "कार्ड दिसलं असं म्हणतोय का?" "हो, म्हणतोय." "मग ते सुटलेलं नव्हतं. आता प्रोग्रॅम हातानं सुरू कर. तक्रार काय करतोय ते वाच." मी वाचलं. आवाजाचं उपकरण उघडता येत नाही, एवढं एकच वाक्य. "का उघडता येत नाही?" "ते नाही सांगत." "दुसरा कुठला प्रोग्रॅम ते अडवून बसलाय का बघ." कुठलाच बसलेला नव्हता. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच वाक्य. तुम्ही खुर्चीत मागे टेकलात. तुमचे हात, जे एरवी सतत काही ना काही चाचपत असायचे, ते मांडीवर पडून होते. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं, गेला वर्ग.

मॅडम आत आल्या तेव्हा डबा उघडाच होता. मागे मुख्याध्यापक, घाम पुसत. "मॅडम, जरा तांत्रिक अडचण. दोनच मिनिटं."

"दोन मिनिटं, दोन मिनिटं करत माझा तिसरा चहा झाला," त्या म्हणाल्या. सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली. "ह्या कोण?"

"सरांच्या मिसेस," मुख्याध्यापक म्हणाले.

"त्यांना बाहेर बसू द्या. आणि ह्या?"

"माझी जुनी विद्यार्थिनी," तुम्ही म्हणालात. "यंत्र तिनं जोडलंय."

"छान. त्यांनी मागे भिंतीशी उभं राहावं. मला सरांना एकट्यांना बघायचंय."

काकू बाहेर गेल्या. मी मागच्या बाकांमधून भिंतीशी जाऊन उभी राहिले, हातात अजून तो स्क्रू ड्रायव्हर. तिथून मला तुमची पाठ दिसत होती आणि पडद्यावरची अक्षरं दिसत नव्हती. मॅडम टेबलाशी वाकून पडदा बघत होत्या.

"हे 'पाहुणे' कोण?"

"तुम्ही, मॅडम," तुम्ही म्हणालात. "तुमच्यासाठी नवं उघडलंय."

वर्गात खसखस पिकली. मॅडमना हसू आलं नाही. "मी पाहुणी नाही, मी तपासणीला आलेय. माझ्याकडे तक्रार काय आहे तुम्हाला ठाऊक आहे. हे असं सजवलेलं मांडलंत आणि वर ते बंद आहे म्हणालात, तर मी काय समजायचं? तुम्ही रोज जिथे काम करता ते दाखवा."

"ते घरचं आहे. जरा अघळपघळ आहे."

"मग घरचंच दाखवा. असेल तर."

ते 'असेल तर' तुम्हाला लागलं. तुमची मान ताठ झालेली मला मागून दिसली. दाराबाहेर काकूंनीही ऐकलं असणार, कारण बांगड्या वाजल्या. तुम्ही 'पाहुणे' बंद केलंत. मग स्वतःचं नाव टाइप केलंत, मग तो गुप्त शब्द, एकेक अक्षर सावकाश, कारण आता चुकलं तर सांगायला साहेब नव्हता आणि मी भिंतीशी होते. डिस्क खरखरली. थांबली. मी मनातल्या मनात कुणाला नवस बोलले ते सांगत नाही. आणि मग त्या अख्ख्या खोलीत, नाकात, खणखणीत:

"आलॅस का म्हॅटॅऱ्या? चॅहा झॅला का?"

"झाला रे झाला," तुम्ही म्हणालात. "चल, कामाला लाग."

तुम्ही ते ठरवून म्हटलं नव्हतंत. रोज सकाळी म्हणत होतात तसंच म्हटलंत, बटणांवरची बोटं न उचलता. आपण काय बोललो ते तुम्हाला नंतर कळलं आणि तुमचे कान लाल झाले. तुम्ही त्याला रोज उत्तर देता हे मलाही ठाऊक नव्हतं, फक्त काकूंना होतं. पोरांनी छत डोक्यावर घेतलं. मुख्याध्यापकांनी कपाळाला हात लावला. मॅडम तेवढ्या उभ्या होत्या तशाच उभ्या राहिल्या.

"हा रोज असं म्हणतो?"

"रोज."

"आणि तुम्ही रोज सांगता, चहा झाला म्हणून?"

"झाला असेल तर," तुम्ही म्हणालात.

मॅडमनी खुर्ची ओढून घेतली. शेवटच्या बाकावरच्या एका मुलीकडून तिची फ्लॉपी मागवली आणि स्वतःच्या हातानं आत घातली. साहेब ती वाचायला लागला, ओळ न् ओळ, त्या रटाळ स्वरात. सगळं वाचून झाल्यावर तुम्ही त्याला मधलं थोडं परत वाचायला लावलंत, मान तिरकी करून ऐकलंत आणि मागच्या बाकाकडे तोंड करून म्हणालात, "बाळा, तुझी बेरीज छान सुरू होते, पण ती थांबणार कधी? तू तिला थांब म्हणून सांगितलंच नाहीस. उद्यापर्यंत चालेल ती." मुलगी म्हणाली, "अय्या, हो की." मॅडमनी आणखी फ्लॉप्या मागवल्या. तास संपल्याची घंटा झाली तरी त्या उठल्या नाहीत.

काल मी त्यांना विचारलं, तुमचं मत कशानं बदललं, फ्लॉप्यांमुळे ना? त्या म्हणाल्या, "छे गं. फ्लॉपीचं पाठ करून घेता येतं. आवाज गेला, मग आला, हेही मला नाटकच वाटत होतं. पण त्या माणसानं त्या यंत्राला 'झाला रे झाला' म्हटलं ना, ते कुणी शिकवून म्हणत नाही. त्याचा संसार होता तो त्याच्याशी." मग म्हणाल्या, "तुमच्या शाळेत चहा घेतानाच सही केलेला तो कागद मी ठाण्याला परत नेला आणि फाडला. साहेबांनी मला चांगलंच फैलावर घेतलं. माझ्या ऑफिसातल्या साहेबांनी, तुमच्या नव्हे." आणि बासुंदीकडे बघून हसल्या.

गोष्ट साधी होती, हे आपल्याला त्याच दुपारी कळलं. त्या यंत्रात आवाजाचं दार कुणी उघडायचं याची परवानगी ज्याला त्याला वेगळी द्यावी लागते. तुमच्या नावाला ती आपण फार पूर्वी दिली होती आणि विसरून गेलो होतो. 'पाहुणे' नवा, त्याला कुणी दिलीच नव्हती. यंत्र ते सांगतही होतं, फक्त अर्ध्यावर थांबत होतं. मधे काय बदललं हा प्रश्न तुम्ही बरोबर विचारला होतात. पण आपण फाटक मोजलं, वीज मोजली, वायर मोजली, आणि नवं लॉगिन मोजलं नाही. घरी कुणी येणार म्हणून आवरून ठेवणं, चांगले कप काढणं, हा काही बदल आहे असं आपल्यापैकी कुणाच्याच मनात येत नाही. तो आपल्याला रिवाज वाटतो. काकू मात्र पुढे कित्येक दिवस मनाला लावून बसल्या होत्या, आणि तुम्ही त्यांची समजूत घालण्याऐवजी साहेबाला नवीन वाक्य शिकवलंत: "बाईसाहेब, कप कुठला?" ते ऐकून त्या पहिल्यांदा त्याच्यावर हसल्या.

निवृत्त होईपर्यंत वर्ग तुमच्याकडेच राहिला. ग्रंथालयात तुम्ही गेलात ते मुलांना शोधायला. तुमच्या त्या शेवटच्या आजारपणात मी भेटायला आले तेव्हा तुम्ही बोलायला थकत होतात, तरी विचारलंत, "पेपरात सध्या काय चाललंय?" मी सांगत बसले आणि तुम्ही ऐकता ऐकता झोपलात. मॅडमनी काल जे सांगितलं ते तुम्हाला त्या दिवशी सांगता आलं असतं तर, असं कालपासून मनात येतंय. तुम्ही कदाचित म्हणाला असता, बरं झालं आधी कळलं नाही, मी नीट टाइप केलं नसतं.

एक कबूल करते. तुम्ही गेल्यावर काकूंनी सांगितलं होतं, की घरी एकटे असताना तुम्ही मॉनिटर कधी लावतच नव्हतात. तो फक्त मी आले की लागायचा. तुमचं ते यंत्र मी इतक्या वेळा दुरुस्त केलं, पण पडदा बंद ठेवून, नुसतं ऐकत, एक ओळसुद्धा मी कधी लिहिली नव्हती. आता माझा कॉम्प्युटर चांगलं मराठी वाचतो, तूरडाळीसकट. म्हणून हे पत्र मी पडदा काळा करून लिहायला घेतलं. पहिला परिच्छेद तसा पुरा केला. मग वाचून घेतला तर दर ओळीत चुका, आणि एक अख्खं वाक्य दोनदा लिहिलेलं. मला ते सहन झालं नाही. पडदा लावला, सगळं दुरुस्त केलं आणि बाकीचं बघत बघत लिहिलंय. हे तुम्हाला देण्यासारखं झालेलं नाही. रविवारी मला सुट्टी आहे. पडदा बंद करून दुसऱ्या परिच्छेदापासून पुन्हा बसणार आहे.